जमदग्नींच्या घरातली पोरं

आमच्या घराण्यात 'जमदग्नी' ही शिवी नाही, पदवी आहे. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून पणजोबांनी म्हणे भरलं ताट अंगणात भिरकावलं होतं. घरातल्या प्रत्येक लग्नात, जेवणं उरकून पानं जमवताना हा किस्सा निघतोच, आणि सगळे हसतात. त्या दिवशी पणजी जेवली की नाही, हे मात्र कुणी सांगत नाही. (नातेवाईक मंडळी, फोन उचलण्याआधी शेवटपर्यंत वाचा, प्लीज!)

आपल्याकडे रागाला वयाची अट आहे, असं माझं मत होत चाललंय. आजोबा रागावले तर तो त्यांचा 'स्वभाव'. बाबांना ऑफिसचं 'टेन्शन'. आई 'दमते बिचारी'. आणि सहा वर्षांचं पोर रागावलं की ते हट्टी, आगाऊ, लाडावलेलं. त्यातही मुलगा असेल तर 'आजोबांवर गेलाय' एवढं कौतुक तरी वाट्याला येतं. मुलीला थेट सासरची भीती.

वर जायची वाट बंद केली की राग पाण्यासारखा उताराकडे धावतो. माझा आठ वर्षांचा भाचा एकदा शाळेतून आला तो सरळ धाकट्या बहिणीची भातुकली लाथाडून मोकळा झाला. रडारड, धपाटा, सगळं यथासांग पार पडलं. रात्री कळलं की खोडी दुसऱ्याने काढली होती आणि वर्गाबाहेर याला उभं केलं होतं. बाईंपुढे बोलायची सोय नाही, म्हणून वड्याचं तेल वांग्यावर! हे त्याला शाळेत कुणी शिकवलं नाही, आम्हीच रोज करून दाखवतो.

यावर हल्ली एक सोपा उपाय सांगतात : राग आला की उशी बडव. ऐकायला बरं वाटतं. पण ब्रॅड बुशमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2002 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उलटंच दिसलं. ज्याच्यावर राग आहे त्याला मनात आणून बॉक्सिंगची बॅग बडवणाऱ्या विद्यार्थ्यांचा राग वाढला होता; नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत होते. ती कॉलेजातली मुलं होती हे खरं, पण पोराला उशी देताना मी तरी दोनदा विचार करीन.

मला वाटतं, उशीपेक्षा शब्द द्यावेत. आणि शब्दांच्या बाबतीत मराठी काय श्रीमंत आहे बघा! रुसणं, फुरंगटणं, चिडणं, वैतागणं, धुमसणं, संतापणं, त्रागा करणं... यातलं एकही दुसऱ्यासारखं नाही. रुसलेल्याला कुणीतरी समजूत काढायला हवं असतं. वैतागलेल्याला बहुतेक वेळा भूक लागलेली असते किंवा झोप आलेली असते. चिडलेल्याला न्याय हवा असतो, त्याला बिस्किट देऊन भागत नाही! आणि धुमसणाऱ्याला आधी आपण विचारावं लागतं. भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डाला या भागाची खळबळ कमी होते, असं मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांना 2007 मध्ये मोठ्यांच्या मेंदूच्या तपासणीत दिसलं होतं. आपण मात्र या सगळ्याला मिळून 'नाटकं' असा एकच शब्द वापरतो.

अर्थात पोर जमिनीवर लोळत असताना शब्दकोश उघडून उपयोग नाही. तेव्हा जवळ बसावं, मारायला उठलेला हात धरावा आणि तोंड शक्यतो बंद ठेवावं (आपलं). बोलायचं ते नंतर, दूध पिता पिता.

मारायचं नाही, चावायचं नाही, फोडायचं नाही. बोलायचं मात्र सगळं, आणि कुणालाही. इथेच घोडं अडतं. 'उलट बोलू नकोस' या तीन शब्दांवर आपली निम्मी घरं उभी आहेत. मोठ्यांना वाटतं, अशाने धाक राहणार नाही. धाक कदाचित जाईलही. पण आदर? "आजोबा, मला तुमचा राग आलाय," हे वाक्य नीट ऐका. त्यात 'तुमचा' आहे, 'तुझा' नाही. राग आणि आदर एकाच वाक्यात सुखाने नांदतायत की!

हे वाक्य मी बनवलेलं नाही. भाच्याचं कार्टून ऐन रंगात असताना आजोबांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, मॅच लावली, तेव्हा तो हेच म्हणाला. ओठ थरथरत होते, पण हात खिशात होते. सगळ्यांनी श्वास रोखला. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. रिमोट काही दिला नाही. पण थोड्या वेळाने टीव्हीकडेच बघत म्हणाले, "ही ओव्हर संपू दे. मग लाव तुझं."