व्हिएन्नात तीनपैकी एकाला मत का नाही? समजून घ्या

ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात २० लाखांहून अधिक लोक राहतात. तिथे १६व्या वर्षी मताधिकार मिळतो. तरीही एप्रिल २०२५च्या शहर निवडणुकीत मतदानाच्या वयाच्या तीनपैकी किमान एका रहिवाशाला मत नव्हते.

कारण काय?
नागरिकत्व. ते जन्मस्थानावरून नव्हे, आई-वडिलांकडून मिळते. इतरांसाठी साधारण १० वर्षे वास्तव्य, जर्मन भाषा, ठरावीक उत्पन्न आणि बहुतेकदा मूळ नागरिकत्व सोडणे, अशा अटी आहेत.

परिणाम काय?
समर्थकांच्या मते, नागरिकत्व हा समाजात मिसळल्याचा शेवटचा टप्पा आहे. पण उत्पन्नाची अट कमी पगाराच्या कामगारांनाच अडवते. शहर चालवणारे हात मोठे, मतदार यादी मात्र छोटी.