गोंगाटाची किंमत

निवासी वस्तीत रात्री दहा ते पहाटे सहापर्यंत आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, असा दंडक केंद्र सरकारच्या २००० सालच्या नियमांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली त्याला बळकटीही दिली. तरीही हणजूण-वागातोरच्या रहिवाशांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागलेच.

हा प्रश्न म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुरबूर, असे मानण्याकडे शासनाचा कल दिसतो. आम्हांस हे मान्य नाही. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. गाढ झोपेतही आवाज मेंदूपर्यंत पोहोचतोच. नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात, ॲड्रिनलीनसारखी संप्रेरके रक्तात उतरतात. सकाळी त्या माणसाला यातले काही आठवतही नाही. वर्षानुवर्षे असे घडत राहिले, तर रक्तदाब आणि हृदयविकार यांचा धोका वाढतो.

बुद्धीवर होणारा आघात तर त्याहून छुपा. न्यूयॉर्कमधील एका शाळेलगत उंच पुलावरून आगगाडी धावत असे. त्या बाजूच्या वर्गांतील सहावीची मुले शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे असल्याचे आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांच्या १९७५ सालच्या अभ्यासात आढळले. पुढे रुळांखाली रबर बसविले, वर्गांची छते ध्वनिशोषक केली, आणि ती तफावत नाहीशी झाली. शाळा तीच, वर्गही तेच. बदलला तो केवळ आवाज! म्युनिकचा जुना विमानतळ १९९२ साली बंद झाला, तेव्हा तेथील मुलांची स्मरणशक्ती व वाचन सुधारले. नव्या विमानतळाजवळच्या मुलांची मात्र पिछेहाट झाली.

आपल्याकडे पर्यटनाचा हंगाम भरात असतो, नेमक्या त्याच दिवसांत मुले परीक्षेच्या तयारीला लागलेली असतात. आणि दोष केवळ किनाऱ्यावरील पार्ट्यांचाच आहे, असेही नव्हे. आमच्या जत्रा-उत्सवांतील कर्णे काही कमी कर्कश नसतात. वर्षातून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंतची जी सवलत राज्य सरकार देऊ शकते, ती पुरेशी नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही तरी करणार नाही.

प्रश्न उरतो तो मोजमापाचा. तक्रार आल्यावर अधिकाऱ्याने आयोजकाच्या फाटकापाशी यंत्र धरून परतू नये. तक्रारदाराच्या खिडकीपाशी, मध्यरात्रीनंतर आणि आगाऊ सूचना न देता नोंद घ्यावी, व ती पंचायतीच्या फलकावर लावावी.