मंगळावर बिऱ्हाड थाटण्याआधी

पृथ्वीवर महासंकट कोसळले तर मानवजात समूळ संपू नये, म्हणून मंगळावर दुसरे घर बांधून ठेवावे, हा तिथल्या वस्तीच्या बाजूचा सर्वांत वजनदार युक्तिवाद. स्टीफन हॉकिंग यांनी पृथ्वीबाहेर वस्ती करण्याचा आग्रह अखेरपर्यंत धरला. इलॉन मस्क तर मंगळावर दहा लाख लोकांचे शहर वसवण्याचे उद्दिष्ट सांगतात. त्यामागची भीती खोटी नाही. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतील युकातान भागात लघुग्रह आदळला आणि डायनासोरांचे युग संपले. पण त्या आघातानंतरही पृथ्वीवर श्वास घेता येईल अशी हवा होती, समुद्र होते, आणि आपले पूर्वज असलेले चिमुकले सस्तन प्राणी त्यातून तगले. मंगळावर आज हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. जी विरळ हवा आहे तीही 95 टक्के कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान उणे 60 अंशांच्या आसपास. म्हणजे होरपळलेली पृथ्वीसुद्धा आजच्या मंगळापेक्षा राहायला बरी होती.

शिवाय दुसरे घर उपयोगी ठरायचे तर ते पहिल्या घराच्या रसदीवाचून चालले पाहिजे, आणि खरी अडचण इथेच आहे. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये ‘बायोस्फिअर 2’ नावाच्या हवाबंद काचघरात 1991 साली आठ जण दोन वर्षांसाठी राहायला गेले. आत शेती होती, छोटेसे वर्षावन होते, समुद्राचा नमुनाही होता. तरी हवेतला ऑक्सिजन 21 टक्क्यांवरून 14 टक्क्यांच्या घरात उतरला आणि शेवटी बाहेरून पुरवावा लागला. सुपीक मातीतले सूक्ष्मजीव ऑक्सिजन खात होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड झाडांना मिळण्याऐवजी इमारतीच्या काँक्रीटमध्ये मुरत होता. इतक्या हुशार माणसांच्या आखणीत एवढी साधी गोष्ट निसटली! तिथे मदत दाराबाहेर उभी होती. मंगळाकडे यान पाठवण्याची सोयीची वेळ साधारण 26 महिन्यांनी एकदा येते आणि प्रवासाला सहा ते नऊ महिने लागतात. अवघ्या 400 किलोमीटरवरच्या अंतराळस्थानकात 2000 पासून माणसे सलग राहत आहेत, पण त्यांचे अन्न आणि सुटे भाग आजही खालूनच जातात.

समुद्र ओलांडणाऱ्यांनाही पूर्वी लोकांनी वेड्यात काढले होते, असे यावर सांगितले जाते. पण ते दर्यावर्दी जिथे उतरले तिथे हवा, पाणी आणि बहुधा माणसेही आधीपासून होती. तंत्रज्ञान पुढे जाईल, हा आक्षेप अधिक रास्त आहे. पर्सिव्हरन्स गाडीवरील ‘मॉक्सी’ या उपकरणाने मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून दाखवला, आणि ते मोठेच यश आहे. मात्र 2023 पर्यंतच्या 16 प्रयोगांत मिळून तो 122 ग्रॅम भरला. एका माणसाला दिवसाला 800 ग्रॅमहून अधिक लागतो. ही दरी उद्या भरूनही निघेल. तरीही मुलांचा प्रश्न उरतो. काही शास्त्रज्ञ स्वखुशीने जाऊन परत आले तर कुणाची हरकत असायचे कारण नाही, पण वस्ती म्हणजे बाळंतपणे आली. क्युरिऑसिटी गाडीच्या मोजणीनुसार तिथल्या पृष्ठभागावरचा किरणोत्सर्ग पृथ्वीवरील सरासरी नैसर्गिक मात्रेच्या सुमारे शंभरपट आहे. गुरुत्वाकर्षण जेमतेम 38 टक्के. त्यात गर्भ कसा वाढेल, हाडे कशी घडतील, याचा माणसाला काहीही अनुभव नाही. जाणारा आपली संमती देईल, पण तिथे जन्मणाऱ्याची संमती कोण घेणार?

लघुग्रहाचीच धास्ती असेल तर तिच्यावर जवळचा उपाय आहे. सप्टेंबर 2022 मध्ये नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून अधिक कमी झाला. असे रक्षण पृथ्वीवरच्या सगळ्यांचे होते, निवडक प्रवाशांचे नव्हे. मंगळाचा अभ्यास जरूर वाढवावा. आपल्या मंगळयानाने तो सुमारे 450 कोटी रुपयांत करता येतो हे दाखवले आहे. वस्तीच्या योजनेपुढे मात्र सरकारांनी एक अट ठेवावी: आधी पृथ्वीवरच हवाबंद जागेत माणसांनी बाहेरच्या हवा-अन्नावाचून दहा वर्षे काढून दाखवावीत. तोवर या कामाला सार्वजनिक पैसा देऊ नये.