तपास कच्चा, न्याय पोरका

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात लोकल गाड्यांत अवघ्या काही मिनिटांत स्फोट झाले. १८९ निरपराध प्रवाशांचे बळी गेले. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा आरोपींना दोषी ठरवले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. एकोणीस वर्षांनंतर प्रश्न जिथल्या तिथेच आहे : हे हत्याकांड घडवले कोणी?

अशा वेळी न्यायालयावर आगपाखड करणे सोपे असते. पण न्यायाधीश पुराव्यावर चालतो, लोकभावनेवर नव्हे. आणि पुरावा कसा होता? बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता, हेही अभियोग पक्षाला सिद्ध करता आले नाही. जप्त स्फोटके नीट मोहोरबंद नव्हती. ओळखपरेड घेणाऱ्यास तो अधिकारच नव्हता. कबुलीजबाब छळ करून घेतल्याचा आक्षेप न्यायालयाने ग्राह्य धरला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली; पण त्याने कच्चा तपास पक्का होत नाही.

हे बारा जण अपराधी असतील, तर त्यांना तपासाने सोडवले. निरपराध असतील, तर खरे मारेकरी एकोणीस वर्षे मोकळे आहेत. दोन्ही परींनी फसवणूक झाली ती मृतांच्या आप्तांची. छळातून मिळालेली कबुली ही राष्ट्ररक्षा नव्हे. ती शत्रूला दिलेली पळवाट आहे.

याच वर्षी, २२ सप्टेंबर २००६ रोजी, प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गुन्ह्यांचा तपास आणि कायदा-सुव्यवस्था ही कामे वेगळी करण्याचा आदेश दिला होता. सकाळी मंत्र्याच्या दौऱ्याचा बंदोबस्त, दुपारी मोर्चा आणि रात्री पंचनामा करणाऱ्या पोलिसाकडून निर्दोष तपासाची अपेक्षा तरी कशी करावी? पण सत्तेवर कोणताही पक्ष असो, बदल्यांची किल्ली हातची सोडण्याची कोणाचीच तयारी दिसली नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेने झडती व जप्तीचे चित्रीकरण आवश्यक केले, हे स्वागतार्हच. परंतु कॅमेरा हाती देऊन भागत नाही. तो धरणारा हात प्रशिक्षित आणि दडपणमुक्त हवा. पोलिसांवरील विश्वास भाषणांनी वाढत नसतो. वरिष्ठ न्यायालयातही टिकणारे एक आरोपपत्र शंभर पत्रकार परिषदांहून मोलाचे असते. शासनकर्त्यांनी हे ओळखले नाही, तर पुढच्या स्फोटानंतर नागरिक पोलीस ठाण्याची पायरी साक्षीदार म्हणून चढणारच नाही.