हरकत नाही, पण सवड कुठे आहे?

पीएच.डी. म्हटले की ग्रंथालयाच्या कोपऱ्यात किंवा प्रयोगशाळेत दिवसभर एकाग्रतेने काम करणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. महाराष्ट्रातील शहरांपुरते बोलायचे तर हे चित्र आता अपुरे ठरले आहे. सकाळी महाविद्यालयातील तास, दुपारी परीक्षा विभागाचे काम, संध्याकाळी घरसंसार आणि सारे निजल्यावर प्रबंधाची पाने, असा दिनक्रम असलेला संशोधक आज जागोजागी भेटतो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात सुमारे १ लाख १७ हजार विद्यार्थी पीएच.डी. करीत होते. २०२१-२२ मध्ये ही संख्या २ लाख १२ हजारांवर गेली. संशोधकांची गणती अशी नियमितपणे होते. त्यांच्या वेळेचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

पदवीची सक्ती आणि नोकरीची गरज

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्यांत प्राध्यापकांचा भरणा मोठा आहे आणि त्याचे कारण नियमांत सापडते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. अनिवार्य केली होती. तिची अंमलबजावणी आधी २०२१ पासून व्हायची होती, ती २०२३ पर्यंत लांबणीवर पडली आणि जुलै २०२३ मध्ये नेट-सेट हीच किमान पात्रता ठरवून सक्ती मागे घेण्यात आली. या पाच वर्षांत कित्येकांनी धास्तीपोटी नोंदणी केली. सक्ती गेली, तरी सहयोगी प्राध्यापकपदाची पायरी चढताना पीएच.डी. विचारली जातेच. थोडक्यात, नोकरी टिकवायची तर पदवी हवी आणि पदवी पुरी होईपर्यंत घर चालवायचे तर नोकरी हवी, अशा दुहेरी पेचात हा वर्ग सापडला आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये आयोगाने पीएच.डी.ची नवी नियमावली लागू केली. तिने अर्धवेळ पीएच.डी.ला स्पष्ट मान्यता दिली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. त्यासाठी नोकरी देणाऱ्या संस्थेचे ‘ना हरकत प्रमाणपत्र’ लागते. कर्मचाऱ्याला अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप पाहता त्याला संशोधनासाठी पुरेसा वेळ देता येईल आणि गरज पडल्यास अभ्यासक्रमासाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल, या तीन गोष्टी त्या कागदावर असाव्या लागतात. सही-शिक्क्याचा हा कागद प्रवेशाच्या वेळी सादर होतो आणि फाइलला लागतो. पुढील काही वर्षांत तो पुरेसा वेळ खरोखर मिळाला काय, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणावरच टाकलेली नाही. आपल्या व्यवस्थेची खरी उणीव इथे आहे.

आठवड्याचे गणित

सहायक प्राध्यापकाने आठवड्याला ४० तास काम करावे आणि त्यांपैकी १६ तास प्रत्यक्ष अध्यापन करावे, असा निकष आहे. उरलेल्या २४ तासांत संशोधनाला जागा आहे, असे कागदावर दिसते. प्रत्यक्षात सत्र पद्धतीमुळे वर्षातून दोनदा येणाऱ्या परीक्षा, उत्तरपत्रिका तपासणी, ‘नॅक’ची कागदपत्रे, प्रवेश समित्या आणि निवडणुकीची कामे हे तास गिळून टाकतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलू लागल्यापासून त्यांत नव्या तयारीची भर पडली आहे. कायम सेवेतील प्राध्यापकासाठी अध्ययन रजेची तरतूद तरी आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याला तीही नाही. त्याचा जो तास संशोधनाला जातो, त्या तासाचे मानधन बुडते. दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करून महिन्याची जुळवाजुळव करणाऱ्या तरुणाला कोणत्या संस्थेने कसली सवड द्यावी, हा प्रश्न नियमावलीला पडलेलाच नाही.

पूर्णवेळ संशोधकांची स्थिती वरवर बरी दिसते. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७ हजार रुपये झाली. बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्थांमुळे आजवर उच्च शिक्षणाच्या उंबऱ्यापर्यंतही न पोहोचलेल्या घरांतील मुले संशोधनाकडे वळली. परंतु छात्रवृत्ती घेणाऱ्याला अन्यत्र पगारी नोकरी करता येत नाही. हप्ता थकला की खोलीचे भाडे आणि खानावळीचे पैसे मित्रांकडून उसने घ्यावे लागतात. आणि तिथूनच या प्रश्नाची फारशी चर्चिली न जाणारी बाजू सुरू होते.

मैत्रीच्या खात्यावरची उचल

व्यवस्थेने न दिलेला वेळ शेवटी कोणीतरी देतच असते. रजेवर गेलेल्याचे तास घेणारा सहकारी, संदर्भाची पाने छायाचित्र काढून पाठवणारी मैत्रीण, मुलांना आपल्या घरी ठेवून घेणारे शेजारी, प्रकरणाचा कच्चा खर्डा रात्री जागून वाचणारा वर्गमित्र, या साऱ्यांच्या वेळेवर प्रबंध उभा राहतो. प्रबंधाच्या आरंभी येणारे ऋणनिर्देशाचे पान अनेकदा उपचार म्हणून चाळले जाते. वस्तुतः कोणी किती वेळ खर्ची घातला, याची तेवढी एकच नोंद शिल्लक राहते.

गंमत अशी, की ज्या मैत्रीचा आधार घ्यायचा, तीच सर्वांत आधी आक्रसते. तास चुकवता येत नाहीत, मार्गदर्शकाची भेट टाळता येत नाही; पुढे ढकलता येते ती मित्राची भेट. लग्नकार्ये हुकतात, फोन राहून जातात आणि ‘प्रबंध झाला का?’ या आपुलकीच्या प्रश्नाचीही धास्ती वाटू लागते. महिला संशोधकांवर हा ताण अधिक असतो. नियमावली त्यांना दोन वर्षांची जादा मुदत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती वा बालसंगोपन रजा देते. मुदत वाढली, तरी दिवसाचे तास वाढत नाहीत.

हा केवळ भावनेचा विषय नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स भागातील ३,६५९ पीएच.डी. विद्यार्थ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांना मानसिक विकाराचा धोका असल्याचे त्यात आढळले. काम आणि घर यांतील ओढाताण, कामाचा बोजा आणि मार्गदर्शकाची वागणूक यांच्याशी या धोक्याचा निकटचा संबंध दिसला. तिकडचे निष्कर्ष जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत. पण ही तिन्ही कारणे आपल्या संशोधकांनाही अपरिचित नाहीत.

उपाय फार खर्चिक नाहीत. प्रत्येक सत्रात संशोधकाला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्याच वेळी त्या सत्रात त्याला प्रत्यक्ष किती तास मिळाले, याचे संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावे. प्रबंध लिहिण्याच्या अखेरच्या वर्षात परीक्षेच्या कामातून सूट द्यावी. तासिका तत्त्वावरील संशोधकांसाठी त्या काळापुरती मानधनाची सोय विद्यापीठांनी करावी. प्रबंध सादर झाल्यावर मूल्यमापनाची सारी प्रक्रिया सहा महिन्यांत पुरी व्हावी, हा नियम आहेच. तो पाळला जाईल, एवढे पाहावे.

प्रबंधाच्या पानांइतकाच तो लिहिणारा माणूसही शाबूत राहायला हवा. संशोधकाला सवड देण्याची जबाबदारी संस्थांनी उचलली नाही, तर तिची किंमत यापुढेही त्याचे मित्र आणि घरची माणसेच मोजत राहतील.