काचपेटीतला पाहुणा



गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक बारा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला आणि ओसरीच्या कोपऱ्यात पडलेली माशांची जुनी काचपेटी त्याने मागितली. मासे पाळण्याची हौस लागली असावी असे समजून आम्ही ती आनंदाने दिली. कशासाठी हवी, एवढे विचारावयाचेही आम्हांस सुचले नाही. आठ दिवसांनी त्याची आजी घाबरीघुबरी होऊन आली. "फादर, तुम्ही दिलेल्या पेटीत पोराने साप ठेवलाय! मारून टाका म्हटलं, तर पोर ऐकत नाही."

आम्ही तत्काळ गेलो. पेटीत दिवड जातीचा साप होता, दीडेक हात लांबीचा. हा बिनविषारी साप पाणथळ जागी राहतो आणि बेडूक-मासे खाऊन जगतो. येथे त्याच्या वाट्याला कोरडी वाळू आणि बशीभर पाणी आले होते. वर फळी, फळीवर दोन विटा. लपावयास जागा कोठेच नाही. आठ दिवसांत त्याने अन्नाला तोंड लावले नव्हते आणि काचेवर घासून घासून त्याच्या तोंडावरील खवले सोलवटले होते.

मुलाचा मामेभाऊ इंग्लंडात राहतो. त्याने एक कॉर्न स्नेक पाळला आहे. त्याची छायाचित्रे मोबाइलवर पाहून, काचपेटी मिळाली की साप पाळता येतो, असा मुलाचा समज झाला होता. आम्ही त्या मामेभावास पेटीची सविस्तर हकिकत विचारली. त्याचे उत्तर मुलाला शेजारी बसवून वाचले.

कॉर्न स्नेक हा मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी साप. तो चार-पाच फूट वाढतो, म्हणून अंग सरळ पसरता येईल एवढी लांब पेटी त्याला हवी. सापाला आपल्यासारखी अंगची ऊब नसते; ऊब-गारवा तो जागा बदलून मिळवितो. म्हणून पेटीचे एक टोक 30 अंशांच्या आसपास उबदार आणि दुसरे गार ठेवावे लागते. उष्णतेच्या दिव्यास जाळी हवी, नाहीतर साप त्याला बिलगून भाजतो. आणि उष्णता मर्यादेत राखणारे थर्मोस्टॅट हवे. लपण्याची खोपी दोन्ही टोकांना पाहिजे, कारण एकच असली तर ऊब घ्यावी की आडोसा, असा पेच त्या जिवाला पडतो. पाण्याचे भांडे अंग बुडेल एवढे असावे आणि कात टाकतेवेळी आत ओलसर जागा असावी. झाकण पक्के बंद होणारे हवे, कारण बोटभर फटीतूनही तो निसटतो. खाद्य म्हणजे गोठवून ठेवलेले मेलेले उंदीर, ऊन करून दिलेले. जिवंत उंदीर उलट सापालाच चावतो. खाल्ल्यावर दोन दिवस त्याला हाताळावयाचे नाही, आणि हाताळल्यावर साबणाने हात धुवावयाचे, कारण सापांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे रोगजंतू असू शकतात. एवढे सारे पंधरा-वीस वर्षे करावयाचे, कारण पाळलेला कॉर्न स्नेक तितका जगतो. इंग्लंडात 2006 च्या कायद्याने पाळलेल्या प्राण्याच्या अशा गरजा भागविणे हे मालकाचे कर्तव्यच ठरविले आहे.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "फादर, माझ्या पेटीत यातलं काहीच नाही." आम्ही उत्तरलो, "बाळ, पेटी आमची होती. चूक दोघांची आहे."

आपल्या देशात तर रानातला साप धरून घरी ठेवण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, मग तो बिनविषारी का असेना. आम्ही वनखात्यास कळविले. त्यांचा माणूस आला आणि साप घेऊन गेला. तलावाकाठी तो सोडताना मुलालाही त्याने सोबत नेले.

राहता राहिली आजी. एदेन बागेतील सर्प तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आम्ही तिला सांगितले, "आजी, तो सर्प म्हणजे मोहात पाडणारा सैतान. हा जीव देवाने निर्माण केलेला आहे. जलप्रलयानंतर देवाने करार केला तो एकट्या नोहाशी नव्हे, तर प्रत्येक सजीवाशी, असे पवित्र शास्त्र सांगते." आजीला साप सैतान वाटला, नातवाला खेळणे वाटला. दोन्ही दृष्टींत त्या जिवाचे हालच होते. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, असे ख्रिस्तसभेची शिकवण बजावते. ज्याला आपण काचेआड कोंडतो, त्याची ऊब, सावली, पाणी आणि भक्ष्य ही देवाने रानात केलेली तरतूद आपण हिरावून घेतो. ती भरून देण्याची तयारी नसेल, तर पेटीला हात लावू नये.

वाचकहो, घरात साप निघाल्यास मुलांना दूर करा, काठी उचलू नका, हात तर मुळीच लावू नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ओळखण्यात जाणताही चुकतो. वनखात्यास कळवा.

पेटी पुन्हा आमच्या ओसरीवर आली आहे. ती कोणी मागितलीच, तर आधी "कशासाठी?" एवढे आम्ही नक्की विचारू.