पांढऱ्या एप्रनची भीती आणि भरवसा

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. आदिवासी माणूस मोठ्या रुग्णालयाकडे का फिरकत नाही, असे त्यांनी गावकऱ्यांनाच विचारले. मिळालेल्या उत्तरांपैकी एक विलक्षण होते. तेथे डॉक्टर आणि नर्स पांढऱ्या कपड्यांत वावरतात. आदिवासी पांढऱ्या कापडात गुंडाळतो ते प्रेत. असे लोक जीव कसा वाचवणार? या उत्तराला अडाणीपणा म्हणून हसण्याऐवजी बंग दांपत्याने दंतेश्वरी देवीच्या नावाने, गावातल्या झोपड्यांसारख्या घरांचे रुग्णालय उभारले.

पांढरा रंग वैद्यकाला मुळात चिकटलेला नव्हताच. अमेरिकन चित्रकार टॉमस ईकिन्स याच्या १८७५ च्या चित्रातील शल्यविशारद काळ्या कोटात शस्त्रक्रिया करताना दिसतात. १८८९ च्या चित्रात ते पांढऱ्या वेषात आहेत. मधल्या काळात जंतुशास्त्र रुजले होते. पांढरे कापड ही स्वच्छतेची ग्वाही ठरली. त्याच स्वच्छतेपायी २००७ साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने लांब बाह्यांचा कोट वॉर्डातून हद्दपार करण्याचे धोरण जाहीर केले, हा इतिहासाचा विनोदच!

अमेरिकेतील दहा रुग्णालयांतल्या चार हजारांवर रुग्णांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिकांनी डॉक्टरांचा पोशाख महत्त्वाचा मानला आणि सर्वाधिक पसंती पांढऱ्या कोटालाच दिली. यात नवल नाही. ज्याला पदवीची पाटी वाचता येत नाही, औषधाची पारख करता येत नाही, त्या आपल्याकडील शेतमजुराला तर डॉक्टर ओळखण्याची एप्रन हीच खूण उरते. बोगस डॉक्टरांनी हे केव्हाच हेरले आहे.

परंतु एप्रनने मिळालेला हा भरवसा टिकवायचा कोणी? बाह्यरुग्ण विभागात केसपेपरवरून मान वर न करता सत्तरीच्या म्हातारीला ‘ए, काय होतंय तुला?’ असे विचारले जाते, तेव्हा तिच्या लेखी एप्रन आणि फौजदाराची वर्दी यांत फारसा फरक राहत नाही. प्रशासनाला मात्र शिस्त म्हटली की आधी गणवेषाचे परिपत्रक सुचते.

एप्रन अवश्य असावा. तो रोज धुतलेला असावा, आणि चहाच्या टपरीवर मिरवू नये. त्यावर डॉक्टरचे नाव मात्र ठळक मराठीत हवे. आज कित्येक रुग्णांना आपल्याला कोणी तपासले हे घरी गेल्यावर सांगता येत नाही. आणि नावच ठाऊक नसेल, तर तक्रार तरी कोणाची करायची?